बोगद्यातही न अडणारं काम: छोट्या, स्वस्त लॅपटॉपवर वेब डेव्हलपमेंट हलवताना

माझं घर चिपळूणला आणि बहुतेक क्लायंट ठाणे-दादर पट्ट्यात. महिन्यातून तीन-चार वेळा कोकण रेल्वेने जाणं-येणं होतं, आणि एका बाजूचे पाच-सहा तास गाडीत जातात. चार वर्षं मी हा प्रवास पंधरा इंची, अडीच किलोच्या लॅपटॉपसह केला. बॅटरी दीड तासात संपायची, खिडकीपाशी बसून तो मांडीवर नीट उघडताही यायचा नाही, आणि उतरल्यावर खांदा दुखायचा तो वेगळाच. गेल्या वर्षी मी साडेबारा इंची, रिफर्बिश्ड (जुन्या, दुरुस्त करून विकलेल्या) थिंकपॅडवर आलो. रॅम, एसएसडी आणि नवी बॅटरी धरून सगळं २४ हजारांच्या आत बसलं.

या वर्षभरात एक गोष्ट पक्की कळली. प्रवासात वेब डेव्हलपरचं काम प्रोसेसरपायी क्वचितच थांबतं. ते थांबतं बॅटरीपायी आणि नेटवर्कपायी. रोहा ते ठोकूर या ७४१ किलोमीटरच्या मार्गावर नव्वदहून अधिक बोगदे आहेत. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा तर साडेसहा किलोमीटरचा. तिथे कितीही महागडं यंत्र असलं तरी पॅकेज (प्रोजेक्टला लागणारा तयार कोड) डाउनलोड होत नाही. म्हणून खरेदी आणि मांडणी दोन्ही या दोन अडचणी डोळ्यांसमोर ठेवून करा. मी कसं केलं ते क्रमाने सांगतो.

आधी आठवडाभर मोजा

दुकानात जाण्याआधी सध्याच्या लॅपटॉपवर स्वतःचं काम मोजा. विंडोजवर टास्क मॅनेजर, लिनक्सवर एचटॉप उघडा आणि तीन वेळा रॅमचा आकडा वहीत लिहा: नुसतं कोड लिहिताना, डेव्ह सर्व्हर (बनत असलेली साइट आपल्याच यंत्रावर चालवून दाखवणारा प्रोग्राम) आणि ब्राउझर दोन्ही चालू असताना, आणि बिल्ड (कोडपासून अंतिम साइट तयार करणं) किंवा डॉकर (प्रोग्राम बंदिस्त कंटेनरमध्ये चालवणारं साधन) चालू असताना. माझे आकडे साधारण साडेतीन, साडेपाच आणि तेरा जीबी असे आले. म्हणजे दिवसातलं बहुतांश काम ८ जीबीत मावत होतं आणि फक्त डॉकरचे तीन कंटेनर एकदम उठवले की मावत नव्हतं.

मग कामाचे तीन ढीग करा: मांडीवर होणारं, भाड्याच्या सर्व्हरवर ढकलता येणारं, आणि घरी आल्यावरच करायचं. तिसरा ढीग मोठा असेल, उदाहरणार्थ रोज अँड्रॉइडचा एम्युलेटर चालवावा लागत असेल किंवा व्हिडिओ एडिटिंग असेल, तर हा बदल तुमच्यासाठी नाही. पैसे वाचवा आणि आहे तोच लॅपटॉप वापरा.

नवा स्वस्त की जुना चांगला?

वीस-पंचवीस हजारांत नवा लॅपटॉप मिळतो, पण त्यात काय असतं ते नीट पाहा. बऱ्याचदा सेलेरॉन प्रोसेसर, मदरबोर्डला डाग दिलेली म्हणजे न बदलता येणारी ४ किंवा ८ जीबी रॅम, आणि एसएसडीऐवजी ईएमएमसी ही संथ साठवण. वेब डेव्हलपमेंटला ईएमएमसी सगळ्यात जास्त नडतं. नोड मॉड्यूल्सच्या, म्हणजे जावास्क्रिप्ट प्रोजेक्टच्या पॅकेजांच्या, फोल्डरमध्ये हजारो बारीक फायली असतात आणि त्या लिहिता-वाचताना ही स्वस्त साठवण धापा टाकते. नव्यातलाच हवा असेल तर २०२३ मध्ये आलेल्या इंटेल एन१०० प्रोसेसरचा, खऱ्या एसएसडीचा लॅपटॉप बघा. चार कोअर आणि जेमतेम ६ वॅटचा प्रोसेसर असल्याने तो बॅटरी जपून वापरतो.

माझा कल मात्र कंपन्यांनी वापरून काढून टाकलेल्या बिझनेस लॅपटॉपकडे आहे. यामागे एक सरळ कारण आहे. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची धडधाकट यंत्रं बाजारात आली. लिनक्स टाकणाऱ्याला त्या अटीशी काही देणंघेणं नाही.

मी घेतला तो थिंकपॅड एक्स२७०, २०१७ चं मॉडेल. सुमारे सव्वा ते दीड किलो. त्यात दोन बॅटऱ्या असतात: एक आत बसवलेली २३ वॉट-अवरच्या आसपासची, दुसरी मागून काढता येणारी. आतली चालू असताना बाहेरची बदलता येते, लॅपटॉप बंद करावा लागत नाही. डीडीआर४ रॅमचा एक स्लॉट आहे. चार्जिंग टाइप-सीने होतं. त्याच्या आधीच्या एक्स२६० मध्ये ते होत नाही, हे लक्षात ठेवा. पुढचा एक्स२८० आठव्या पिढीचा, चार कोअरचा आणि आणखी हलका आहे, पण त्याची रॅम डाग दिलेली आहे आणि बॅटरी बाहेरून निघत नाही. तो घ्यायचा तर १६ जीबीचाच घ्या, नंतर वाढवता येणार नाही. एचपी एलिटबुक ८२० आणि डेल लॅटिट्यूड ७२९० याच आकारातले. मी थिंकपॅडवर आलो तो मुख्यतः कीबोर्डसाठी आणि त्या दोन बॅटऱ्यांसाठी.

स्क्रीनबाबत तडजोड करू नका. याच मॉडेलमध्ये १३६६ बाय ७६८ चा फिका पॅनल पण येतो आणि १९२० बाय १०८० चा आयपीएस (रंग स्पष्ट दाखवणारा) पण. किमतीत दोन-तीन हजारांचा फरक पडला तरी दुसराच घ्या. फिक्या पॅनलवर खिडकीतून ऊन आलं की राखाडी अक्षर आणि पांढरी पार्श्वभूमी यांतला फरक कळत नाही, आणि आपण चुकीचे रंग क्लायंटला पाठवून बसतो.

दुकानाच्या काउंटरवर

मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस, बंगळुरूत एसपी रोड. असा बाजार प्रत्येक मोठ्या शहरात आहे. ऑनलाइनही मिळतात. पण पहिल्यांदा घेत असाल तर प्रत्यक्ष जाऊन घ्या, आणि सोबत लिनक्स टाकलेला पेनड्राइव्ह न्या. दुकानदाराने विंडोज दाखवलं तरी आपण आपल्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून बघायचं.

सर्वात आधी बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरा. थिंकपॅडवर चालू करताना एंटर आणि मग एफ१. तिथे सुपरवायझर पासवर्ड (त्या सेटिंगला कुलूप लावणारा) लावलेला नाही ना, हे बघा. मी पहिल्यांदा एका दुकानातून घेतलेल्या यंत्रात हा पासवर्ड होता. घरी आल्यावर पेनड्राइव्हवरून बूट करायला गेलो तेव्हा कळलं, आणि तोवर परतीची मुदत उलटली होती. हा पासवर्ड थिंकपॅडमध्ये बॅटरी काढून पुसला जात नाही. तो मदरबोर्डवरच्या वेगळ्या चिपमध्ये असतो. त्यासाठी मला पुन्हा खर्च करावा लागला. तुम्हाला लागू नये म्हणून हे पहिलं सांगितलं.

मग बॅटरी. विंडोज असेल तर 'पॉवरसीएफजी' कमांडला 'बॅटरीरिपोर्ट' हा पर्याय दिला की एक अहवाल तयार होतो. त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता शेजारीशेजारी दिसते. लिनक्सवर 'यूपॉवर' तेच सांगतं. ७० टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून मागा. विक्रेता बहुधा तयार होतो, कारण त्यालाही ते माहीत असतं.

नंतर कीबोर्डची प्रत्येक की एकदा दाबा, विशेषतः कंट्रोल, एस्केप आणि बाणांच्या कीज. दोन्ही बाजूंचे यूएसबी पोर्ट, टाइप-सीने चार्ज होतं का, वायफाय पकडतं का, हेडफोनचा जॅक. झाकण हळूहळू उघडताना स्क्रीन लुकलुकत असेल तर आतली केबल घासलेली आहे, घेऊ नका. आवरणावरचे ओरखडे सोडून द्या. त्यांच्यामुळेच तर किंमत उतरलेली असते. पक्कं बिल आणि किमान एका महिन्याची वॉरंटी लेखी घ्या, बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या.

रॅम, एसएसडी आणि लिनक्स

रॅम १६ जीबी करा. एकच स्लॉट असल्याने जुनी ८ जीबीची पट्टी निघेल. दुकानदार ती परत घेऊन फरक लावतो. झाकण उघडण्याआधी बाहेरची बॅटरी काढा आणि बायोसमधून आतली बॅटरी बंद करा, त्यासाठी तिथे वेगळा पर्याय दिलेला आहे. २५६ जीबीची एसएसडी पुरते, ५१२ असली तर निवांत.

लिनक्स कोणतं यावर फार वेळ घालवू नका. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती नवख्याला सोपी आहे, डेबियन सरावलेल्याला. डॉकर वापरणाऱ्यांना लिनक्सचा मोठा फायदा होतो: विंडोजवर डॉकरच्या पोटात एक अख्खं आभासी यंत्र चालतं, लिनक्सवर ते लागत नाही, आणि ती सगळी रॅम आपल्याला मिळते. इन्स्टॉल करतानाच संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करण्याचा पर्याय निवडा. हा लॅपटॉप फलाटावर, लोकलमध्ये, चहाच्या टपरीवर उघडला जाणार आहे. चोरीला गेला तर आपले वीस हजार जातील, पण क्लायंटचा डेटाबेस जाता कामा नये.

त्यानंतर दोन गोष्टी लगेच करा. एक, झेडरॅम चालू करा. रॅममधला सध्या न लागणारा मजकूर रॅममध्येच दाबून ठेवण्याची ही सोय आहे; ८ जीबीवर काम करणाऱ्याला तर ती हवीच. दोन, टीएलपी टाका. ते वीज वाचवतं, आणि थिंकपॅडवर बॅटरी ८० टक्क्यांवर चार्ज थांबवण्याची सोयही देतं. घरी सतत चार्जरला लावून काम करत असाल तर बॅटरी त्याने जास्त टिकते. प्रवासाच्या आदल्या रात्री मात्र ही मर्यादा काढून शंभर करायची.

मांडीवरचं काम हलकं करणं

व्हीएस कोड सोडायची गरज नाही. तो जड होतो मुख्यतः एक्स्टेन्शनमुळे. सगळी एक्स्टेन्शन बंद करा आणि ज्या प्रोजेक्टला जी लागतात तीच त्या वर्कस्पेसपुरती चालू करा. फायलींवर नजर ठेवणाऱ्या वॉचरच्या यादीतून नोड मॉड्यूल्स आणि बिल्डचे फोल्डर वगळा. एवढ्यानेच माझा पंखा शांत झाला.

नोडच्या प्रोजेक्टसाठी एनपीएम या पॅकेज उतरवणाऱ्या नेहमीच्या साधनाऐवजी पीएनपीएम वापरून बघा. ते प्रत्येक पॅकेज डिस्कवर एकदाच साठवतं आणि सगळ्या प्रोजेक्टना तिथूनच जोडून देतं. दहा प्रोजेक्ट असले तरी तेच पॅकेज दहादा साठत नाही, दहादा डाउनलोडही होत नाही. प्रवासात डाउनलोड वाचण्याचं मोल जागा वाचण्यापेक्षा जास्त आहे.

पीएचपीवाल्यांनी अपाचे वेब सर्व्हरसकट अख्खा संच टाकण्याआधी विचार करावा. पीएचपी ५.४ पासून भाषेतच एक छोटा सर्व्हर येतो, डेव्हलपमेंटपुरता तो बास आहे. मायएसक्यूएल डेटाबेस लागतच असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये परफॉर्मन्स स्कीमा बंद करा, रॅम मोकळी होते. एसक्यूलाइट हा हलका डेटाबेस वापरायचा मोह होतो, पण डेटाच्या प्रकारांच्या बाबतीत तो ढिला आहे. मायएसक्यूएल जी चूक पकडेल ती तो मुकाट्याने आत घेतो. प्रत्यक्ष साइट मायएसक्यूएलवर असेल तर डेव्हलपमेंटही त्यावरच करा.

ब्राउझर मात्र एकच उघडा ठेवा. आणि छोट्या स्क्रीनवर मोबाइलचं डिझाइन तपासायला लॅपटॉपची जागा कशाला खर्च करायची? अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडा, फोनवर यूएसबी डीबगिंग चालू करा, लॅपटॉपवर क्रोमचं इन्स्पेक्ट पान उघडा. तिथल्या पोर्ट फॉरवर्डिंगने लॅपटॉपवरचा लोकलहोस्ट, म्हणजे तिथेच चालणारी साइट, फोनवर उघडतो. हाच माझा दुसरा मॉनिटर. मराठी साइट करताना तर हे रोजचं आहे: इंग्रजी अक्षरांना पुरणारी ओळींची उंची देवनागरीला कमी पडते, आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफार-वेलांटीला भिडलेला फोनवर चटकन दिसतो. पानाची भाषा 'एमआर' लिहायलाही विसरू नका. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श मराठी वळणाचे येतात.

जड काम सर्व्हरवर

दुसरा ढीग आठवतो ना? त्यासाठी एक छोटा भाड्याचा सर्व्हर घ्या, २ ते ४ जीबी रॅमचा. माझा महिन्याला हजार रुपयांच्या आसपास जातो. तो मुंबई किंवा बंगळुरूच्या डेटा सेंटरमधलाच घ्या. अमेरिकेतला सर्व्हर थोडा स्वस्त दिसला तरी प्रत्येक की दाबल्यावर अक्षर उमटायला लागणारा वेळ काही मिनिटांत जीव नकोसा करतो.

सर्व्हरवर पासवर्डने लॉगिन बंद करा, एसएसएच (दूरच्या यंत्रावर सुरक्षित लॉगिन) ची की वापरा आणि त्या कीलाही पासफ्रेज ठेवा. नंतर टीमक्स टाका. टीमक्समध्ये सुरू केलेलं बिल्ड कनेक्शन तुटलं तरी चालू राहतं. बोगद्यात शिरताना सुरू केलं आणि बाहेर आल्यावर बघितलं, असं शब्दशः होतं. त्याच्या जोडीला मॉश. साधं एसएसएच नेटवर्क गेलं की लटकतं, मॉश मात्र नेटवर्क परत आल्यावर आपोआप सांधतं, आयपी पत्ता बदलला तरीही, आणि टाइप केलेलं अक्षर सर्व्हरच्या उत्तराआधीच स्क्रीनवर दाखवतं. त्याला मागचा मजकूर सरकवून वाचता येत नाही, तीही उणीव टीमक्स भरून काढतं. मॉशसाठी सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये ६०००० पासून पुढचे यूडीपी पोर्ट उघडावे लागतात. हे राहून गेलं की 'कनेक्टच होत नाही' म्हणून माणूस हैराण होतो.

व्हीएस कोडचं रिमोट एसएसएच हाही एक मार्ग. फायली, टर्मिनल, टाइपस्क्रिप्टची तपासणी सगळं सर्व्हरवर आणि फक्त खिडकी आपल्याकडे. स्थिर वायफाय असेल तिथे ते सुखाचं आहे. गाडीत मी ते वापरत नाही, कारण नेटवर्क गेलं की फाइल सेव्हसुद्धा होत नाही. सर्व्हरवरचा डेव्ह सर्व्हर सगळ्या जगाला उघडा ठेवू नका, तो १२७.०.०.१ वर, म्हणजे त्या यंत्रापुरत्याच पत्त्यावर, ठेवा आणि एसएसएचच्या पोर्ट फॉरवर्डिंगने आपल्या ब्राउझरमध्ये आणा.

म्हणून माझी विभागणी अशी: कोड नेहमी लॅपटॉपवर आणि सर्व्हरवर दोन्हीकडे, मधला दुवा गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन. गाडीत लॅपटॉपवर लिहायचं, कमिट करायचं, म्हणजे बदल नोंदवायचा. नेटवर्क आलं की पुश (वर पाठवणं), आणि सर्व्हरवर पुल करून (खाली उतरवून) बिल्ड. कमिट लहान ठेवायची सवय लागते, आणि ती सवय घरीही उपयोगी पडते.

विजेचं गणित

माझा लॅपटॉप साधारण ८ ते १० वॅट घेतो. आतली २३ आणि बाहेरची ४८ मिळून ७१ वॉट-अवर, म्हणजे सहा-सात तास सहज. चिपळूण-मुंबईला एवढं पुरतं. डब्यातला सॉकेट ११० व्होल्टचा असतो; लॅपटॉपचे चार्जर सहसा १०० ते २४० व्होल्टवर चालतात, आपल्या चार्जरवर तसं छापलेलं आहे ना ते वाचा. पण पिन ढिली असते, आणि रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंग पॉइंट बंद ठेवण्याचं धोरण रेल्वेने आगीच्या धोक्यामुळे घेतलं आहे. रात्रीच्या गाडीत सॉकेटच्या भरवशावर राहू नका.

६५ वॉटचा एकच टाइप-सी चार्जर घ्या, फोनही त्यावरच. पॉवरबँक घ्यायची तर २० व्होल्टवर किमान ४५ वॉट देणारी हवी. फोनची साधी पॉवरबँक लॅपटॉपला चालत नाही. २० हजार एमएएचची पॉवरबँक म्हणजे सुमारे ७४ वॉट-अवर, विमानाच्या १०० वॉट-अवरच्या मर्यादेत बसते. ती हातातल्या बॅगेतच न्यायची, चेक-इन सामानात नाही.

बोगद्याची तालीम

जुना लॅपटॉप लगेच विकू नका. पंधरा दिवस दोन्ही ठेवा. या काळात एके दिवशी घरीच दोन तास वायफाय आणि मोबाइल डेटा बंद करून नेहमीचं काम करा. कुठे अडलं ते लिहा. मी पहिल्या तालमीत नऊ ठिकाणी अडलो. फॉन्ट बाहेरच्या सर्व्हरवरून येत होते, ते प्रोजेक्टमध्ये उतरवले. चित्रं प्रत्यक्ष साइटवरून येत होती, त्यांच्या जागी नमुन्याची ठेवली. पेमेंटची चाचणी नेटशिवाय होतच नव्हती, म्हणून तिचं खोटं उत्तर देणारी छोटी फाइल लिहिली. सीएसएसच्या एका गुणधर्माचं नाव आठवेना, म्हणून झील नावाचं ऑफलाइन संदर्भ वाचण्याचं सॉफ्टवेअर टाकलं; एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, पीएचपी यांची कागदपत्रं त्यात उतरवून ठेवता येतात. तिसऱ्या तालमीत एकदाही अडलो नाही, आणि मगच जुना लॅपटॉप भावाला दिला.

टू-फॅक्टर लॉगिनचे (पासवर्डसोबत फोनवरचा कोड मागणाऱ्या) रिकव्हरी कोड कागदावर छापून घरी ठेवा. फोन आणि लॅपटॉप एकाच बॅगेत असतात आणि एकत्रच हरवू शकतात.

प्रवासाच्या आदल्या रात्री मी जेवणानंतर दहा मिनिटं देतो. सगळ्या प्रोजेक्टमध्ये गिट पुल. पॅकेज एकदा इन्स्टॉल करून मग वायफाय बंद करून डेव्ह सर्व्हर उठतो का ते बघणं. टीएलपीची मर्यादा शंभरवर. क्लायंटच्या व्हॉट्सॲपवरचे बदल एका मजकूर फाइलमध्ये उतरवणं, कारण फोनवर ते शोधताना नेटवर्क हमखास गेलेलं असतं. दोन्ही बॅटऱ्या भरल्या की चार्जर बॅगेच्या पुढच्या कप्प्यात.